गुरगुर बंद केलीत, मग चावाच उरला

*ताई,*

*आमच्याकडे बंडू आहे. सात वर्षांचा लॅब्रडोर, ४१ किलोचा. आजवर त्याने कुणाला साधा ओरखडा काढलेला नाही. हल्ली तर जास्तच शांत झालाय. गेल्या गुरुवारी संध्याकाळी सोसायटीच्या बागेत खालच्या मजल्यावरची कोको (शिह त्झू) त्याच्या मागे जाऊन हुंगत होती. बंडू गर्रकन वळला, तिच्या खांद्याला एकदाच चावला आणि बाजूला झाला. ना गुरगुर, ना भुंकणं. कोकोला चार टाके पडले. तिच्या घरच्यांनी लेखी तक्रार केली आहे: कुत्रा आक्रमक आहे, इथून हलवा. रविवारी कमिटीची बैठक आहे. मिस्टर म्हणतात, दिरांच्या जुन्नरच्या शेतावर सोडून येऊ, मोकळा तरी राहील. मुलगी आमच्याशी बोलत नाही. खरं सांगते, बंडू शिस्तीचा आहे. गेल्या पावसाळ्यात मागचे पाय पुसताना गुरगुरायला लागला होता, पण ट्रेनरने सांगितल्याप्रमाणे दर वेळी पट्ट्याला झटका दिला आणि महिन्याभरात ती सवय मोडली. मग आता असं अचानक का? त्याला ठेवावं की पाठवावं?*

*— बंडूची आई, कोथरूड*

बंडूच्या आई,

कोको, कमिटी, टाके, तक्रार हे सगळं घटकाभर बाजूला ठेवा. तुमच्या पत्रातलं खरं वाक्य तुम्ही पार शेवटी लिहिलंय, तेही बंडूच्या शिस्तीचा दाखला म्हणून. मागचे पाय पुसताना गुरगुरायचा, ती सवय मोडली.

अहो, सवय नव्हती ती. जो कुत्रा इतकी वर्षं निमूटपणे पाय पुसून घेतो आणि एका पावसाळ्यात फक्त मागच्या पायांना हात लागला की गुरगुरतो, तो बिघडलेला नसतो. त्याला दुखत असतं. 'हळू, तिथे दुखतंय' हे सांगायला त्याच्यापाशी तेवढा एकच शब्द होता. त्या शब्दावर तुम्ही महिनाभर, दर वेळी, गळ्याला झटका दिलात. बंडू हुशार आहे, तो शिकला. पाय दुखायचे थांबले नाहीत. बोलायचं नाही, एवढं मात्र त्याला कळलं.

मला राग आलाय आणि तो मी लपवत नाही. तुमच्यावर थोडा, त्या ट्रेनरवर पुष्कळ. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला कुठे दुखतंय हे न पाहता झटका द्यायला सांगणाऱ्या माणसाला पुन्हा दारात उभं करू नका.

'ना गुरगुर, ना भुंकणं' असं तुम्ही नवलाने लिहिता. नवल कसलं? कुत्रा चावण्याआधी बरंच काही सांगत असतो. आधी हलतं अंग थांबतं, उघडं तोंड मिटतं. मग तो मान वळवतो, समोर खायला काही नसताना ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो. डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसायला लागतो. क्षणभर दगडासारखा ताठ होतो. तरीही समोरचा सरला नाही तर गुरगुर, मग दात, मग हवेतल्या हवेत चावा, आणि सगळ्यात शेवटी खरा चावा. सुरुवातीच्या खुणा घरातल्यांनाही दिसत नाहीत. बागेत गप्पा मारत उभ्या असलेल्या माणसांना एकच खूण कळते, ती म्हणजे गुरगुर, कारण ती ऐकू येते. तुम्ही नेमकी तीच काढून घेतलीत.

कोकोने काय केलं? मागून येऊन नाक लावलं. कुत्र्यांमध्ये तो रामराम असतो. तिची चूक नाही. पण दुखऱ्या खुब्यापाशी मागून, न दिसता काहीतरी टोचलं आणि बंडू वळला. एकदाच चावला, सोडलं, बाजूला झाला. ४१ किलोच्या कुत्र्याने पाच-सहा किलोच्या जिवाला तोंडात धरून झटकलं असतं, तर तुम्ही मला चार टाक्यांचं पत्र लिहिलं नसतं. त्याने जबडा आवरला. 'आक्रमक' हा शब्द तक्रारीत असू दे, तुमच्या तोंडी नको.

आता शेताचं. नाही. जुन्नर म्हणजे उसात राहणाऱ्या बिबट्यांचा मुलूख, हे तुमच्या दिरांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचा आहार तपासला, तेव्हा सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. तिथे तुम्ही एक जड, मागचे पाय धड न उचलणारा, रात्री उशाशी पंखा लागणारा लॅब्रडोर मोकळा सोडणार? 'मोकळा राहील' हे आपण आपल्या समाधानासाठी म्हणतो. शिवाय दुखणं त्याच्याबरोबर जुन्नरला जाईल आणि तिथे हात लावणारी माणसं अनोळखी असतील.

तुम्ही एकच काम करायचं आहे, आणि ते रविवारच्या बैठकीआधी: बंडूला पशुवैद्याकडे न्या. ट्रेनरकडे नाही, 'बिहेविअर'वाल्याकडेही आत्ता नाही. आणि जाताना तयारीने जा. दवाखान्यात कुत्रा भीतीने ताठलेला असतो, लंगडणंसुद्धा लपवतो. म्हणून घरीच मोबाइलवर चित्रण करा. बाजूने आणि मागून सरळ चालतानाची दहा-बारा पावलं. झोपलेला असताना हाक मारून उठतानाचं. बसतानाचं: दोन्ही ढुंगणांवर नीट बसतो, की एक पाय बाहेर टाकून कलतो? पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकतो का, तेही. चार पायऱ्या चढतानाचं. गाडीत पूर्वी उडी मारायचा आणि आता पुढचे पाय ठेवून तुमच्याकडे बघत थांबतो, असं असेल तर ते जरूर दाखवा. मागच्या मांड्या दोन्ही हातांनी एकदम चाचपून बघा. एक बाजू बारीक लागली, तर तो पाय तो वाचवतोय.

डॉक्टरांना 'कुत्रा चावला' इथून सुरुवात करू नका. 'गेल्या पावसाळ्यापासून मागच्या पायांना हात लावू देत नव्हता' इथून करा. पहिल्या वाक्याने ते वागणुकीचं औषध शोधतील, दुसऱ्या वाक्याने दुखणं. लॅब्रडोरमध्ये खुब्याचा सांधा सैल असणं आणि वयाबरोबर तो झिजणं फार आढळतं. गुडघ्यातला अस्थिबंध (लिगामेंट) तुटणंही. खुब्याचा चांगला एक्स-रे हवा तर कुत्र्याला उताणं झोपवून मागचे पाय सरळ ताणावे लागतात. दुखऱ्या कुत्र्याला शुद्धीत ते सोसत नाही, म्हणून गुंगी द्यावी लागते. त्याला घाबरू नका, आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का ते मात्र विचारून घ्या. बोटांच्या बेचक्यांत गाठ किंवा फोड आहे का, नखं वाढून पंजा वाकडा पडतोय का, कंबरेचा कणा दाबल्यावर अंग चोरतो का, हेही बघायला सांगा. आणि रक्त तपासा. पुण्यात गोचीड बारमाही असतात, आणि गोचीड-तापात सांधे धरतात, प्लेटलेट उतरतात. तो ताप कधी कधी महिनोन्‌महिने 'जरा शांत झालाय' याच वेषात घरात राहतो.

तुम्हीही लिहिलंयत ना, हल्ली जास्तच शांत झालाय?

एक्स-रेत फार काही दिसलं नाही तरी विषय संपत नाही. चित्रात थोडी झीज आणि कुत्र्याला भरपूर वेदना, असं होतं. अशा वेळी यकृत-मूत्रपिंडाची तपासणी करून डॉक्टर दोन-तीन आठवडे कुत्र्यांचं वेदनाशामक देऊन बघतात. तेवढ्यात तो खेळायला लागला, लवकर उठायला लागला, तर उत्तर मिळालं. तोपर्यंत घरातलं काहीही देऊ नका. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात. पॅरासिटामॉलचं प्रमाण चुकलं तर यकृत जातं. डायक्लोफिनॅक तर, ते दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मरायची म्हणून, २००६ पासून जनावरांसाठी बंद आहे, तरी सासूबाईंच्या डब्यातली अर्धी गोळी देणारी घरं अजून आहेत.

वजनाबद्दल तुम्ही सहज लिहून गेलात. लॅब्रडोर नराचं वजन साधारण २९ ते ३६ किलो असावं. ४१ किलो म्हणजे प्रत्येक पावलाला जादा पाच किलोंची गोणी. आठवड्याला वजनाच्या एक टक्का, म्हणजे ४०० ग्रॅम कमी झाले तरी पुष्कळ. चार महिन्यांत तो ३५ च्या आसपास येईल. संध्याकाळच्या चहाबरोबरची बिस्किटं आणि उरलेली तुपाची पोळी आजपासून बंद. कोरडं खाणं वाटीने न घालता वजनकाट्यावर मोजून घाला. वाटीचा अंदाज प्रत्येकाच्या हाताचा वेगळा, आणि बाबांची वाटी नेहमी शिगोशीग भरते. रविवारी टेकडीवर नेत असाल तर तेही थांबवा. चेंडूमागे पळून गचकन थांबणं त्याहून वाईट. त्याऐवजी दिवसातून तीनदा पंधरा-पंधरा मिनिटं सपाटीवर. घरातल्या गुळगुळीत फरशीवर तो जिथे उठतो-बसतो तिथे रबरी चटई टाका.

आता पाय पुसणं, कारण पाऊस परत येणारच आहे. आपण कुत्र्याच्या शेजारी बसून मागचा पाय बाहेरच्या बाजूला ओढतो. त्याने नेमका खुबा पिळला जातो. दाराशी जाड टॉवेल पसरा आणि त्याला त्यावरून दोन फेऱ्या चालवा, निम्मं काम तिथेच होतं. उरलेल्यासाठी पाय जमिनीपासून दोन-तीन इंच, सरळ मागे उचला, बाजूला नाही. आणि गुरगुरला तर ओरडू नका, झटका देऊ नका, 'नो' म्हणू नका. हात काढून घ्या आणि कॅलेंडरवर लिहा: तारीख, कुठला पाय, कुठे हात होता. हा कागद डॉक्टरांच्या उपयोगाचा आहे. तो परत गुरगुरायला लागला तर घरात पेढे वाटा. अवघड भाग असा की, मोडलेला आवाज लगेच परत येत नाही. काही महिने तरी बंडू न बोलता चावू शकतो, हे धरूनच चाला.

म्हणून मुसकं. खळ्यावर मळणीच्या बैलाला बांधतात तसं जाळीचं, आत तोंड उघडून धापता येईल आणि पाणी पिता येईल एवढं ऐसपैस. तोंड गच्च आवळणारी नायलॉनची पट्टी आणू नका. कुत्रा जिभेवाटे अंगातली उष्णता टाकतो, आणि आपल्या उन्हाळ्यात त्या पट्टीने जीव जाऊ शकतो. मुसकं आणल्याबरोबर तोंडावर चढवलंत तर पुढचे सहा महिने ते दिसलं की पलंगाखाली जाईल. पहिले तीन-चार दिवस आतल्या बाजूला दही लावून नुसतं हातात धरा, तोंड त्याला स्वतः घालू दे. मग बंद न लावता पाच सेकंद, दहा सेकंद. मग बंद लावून मिनिटभर, समोर चिकनचे तुकडे. आठ-दहा दिवसांनी बाहेर. झटक्याची साखळी फेकून द्या, छातीचा हार्नेस आणि सहा फुटी साधा पट्टा घ्या. आणि लहान कुत्र्यांना मागून भेटू देऊ नका. 'काही करत नाही हो तो' हे वाक्यही आता म्हणायचं नाही.

कोकोच्या घरच्यांना काय वाटत असेल यावर मी शाई खर्च करत नाही. तुम्ही त्यांच्या टाक्यांचं बिल आज भरा, बैठकीची वाट न पाहता. बंडूच्या रेबीज लसीच्या नोंदीची प्रत त्यांना द्या, कोकोला वाढीव मात्रा लागेल का ते त्यांचे डॉक्टर ठरवतील. त्यांना एवढंही सांगा की दातांची जखम वरून टिचभर दिसते, पण सैल कातडीखाली फाटलेलं असू शकतं. टाक्यांच्या आसपास सूज, ऊब किंवा वास आला तर लगेच दाखवा. हळद भरू नका. सोडवताना कुणाच्या हाताला दात लागला असेल, अगदी ओरखडा, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन लस घ्यायची असते. त्या गडबडीत कुणी धुतलं नसेल, तर आज विचारा.

कमिटीपुढे भांडू नका आणि रडूही नका. सोसायटी बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालू शकत नाही, असं भारतीय पशू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. मात्र जनावर पाळताना निष्काळजीपणा झाला आणि माणसाच्या जिवाला किंवा गंभीर इजेचा धोका निर्माण झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. तेव्हा कायद्याचा कागद फडकवण्याआधी आपला कागद पुढे ठेवा. एका पानावर चार ओळी: डॉक्टरांची तपासणी झाल्याची तारीख, बागेत मुसकं आणि सहा फुटी पट्टा, मुसक्याची सवय होईपर्यंत बागेत येणार नाही, फिरवायची वेळ सकाळी सहाच्या आत आणि रात्री दहानंतर. खाली सही. महापालिकेचा परवाना आणि लसीकरणाची नोंद जोडा. परवाना नसेल तर बैठकीआधी अर्ज करा आणि त्याची पावती जोडा.

मुलीला हे पत्र वाचायला द्या. चित्रण तिच्याकडून करून घ्या, ती तुमच्यापेक्षा बारीक बघेल. आणि डॉक्टरांकडे निघताना लिफ्ट बंद असली, तर ती सुरू होईपर्यंत थांबा. बंडूला जिन्याने उतरवू नका.