२००३ सालचा गेम नव्या ८ कोरच्या पीसीवर अडखळतो, काय करू?

ग्राफिक्स कार्ड बदलायला पळू नका, आधी हे करून बघा. कोर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग. घरगुती पीसीत ड्युअल कोर, म्हणजे दोन कोरचे, प्रोसेसर आले २००५ मध्ये. त्याआधीचे बहुतेक गेम एकच कोर धरून लिहिलेत. विंडोज त्यांना या कोरवरून त्या कोरवर फिरवत राहतं आणि काही गेमचं वेळेचं गणित तिथंच बिघडतं.

गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा. ‘डिटेल्स’मध्ये गेमच्या नावावर राइट क्लिक, मग ‘सेट अफिनिटी’. सगळ्या टिका काढा, फक्त ‘सीपीयू ०’ ठेवा. गेम बंद केला की ही सेटिंग जाते, दर वेळी परत करावी लागते. पात्रं पळत सुटल्यासारखी हलत असतील तर फ्रेम रेट (दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं) ६० वर बांधा.

असा गेम एका कोरच्या वेगावरच चालतो, आणि प्रोसेसर तापला की तो वेग पडतो. सोलापूरचा मे महिना, त्यात पूर्व भागात यंत्रमागाशेजारी घर असेल तर सुताची तुसं हीटसिंकमध्ये (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांत) गच्च बसतात. कॅबिनेट उघडून ब्रशनं साफ कराच.