जुन्या अँशुट्झ १४०७ (जर्मन बनावटीची .२२ नेमबाजी रायफल) चा ट्रिगर बदलावा का? नागपुरात ते काम कोण करेल?

भाऊ, ट्रिगर जड झालाय, ओढताना खरखरतो, म्हणून नवीन टाकायचा म्हणता. आधी जुना साफ करून बघा. इतक्या वर्षांचं ग्रीस सुकून चिकट होतं, वर आपल्या उन्हाळ्यातली धूळ. अर्ध्या वेळा आजार एवढाच असतो. साफ केल्यावर तेलाचा एखादाच थेंब, जास्त नको.

तरी खरखर राहिली तर सिअरची (ट्रिगर ओढेपर्यंत स्ट्रायकर अडवून धरणाऱ्या खाचेची) धार झिजली असेल. ती घरी कानस-पॉलिश पेपरने घासायला अजिबात जाऊ नका, वरचा कडक थर गेला की संपलं. तेव्हा मात्र अख्खं ट्रिगर युनिट बदलणंच बरं. ॲक्शन म्हणजे रायफलची बोल्ट बसते ती यंत्रणा; १४०७ ची ५४ आहे. मागवताना '५४ ॲक्शनसाठी, दोन टप्प्यांचा' (आधी हलका ओढ, मग थांबून सुटणारा) असं स्पष्ट सांगा; ६४ ॲक्शनचा चालणार नाही. नव्या युनिटचा आकार वेगळा निघाला तर स्टॉकचं (रायफलच्या दस्त्याचं) लाकूड थोडं कोरावं लागतं.

ही .२२ आहे, एअर रायफल नव्हे. शस्त्र कायदा, १९५९ मध्ये सुटे भागही 'शस्त्रा'तच मोडतात. त्यामुळे कुरियरने परस्पर मागवू नका, पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत विचारा आणि काम परवानाधारक गनस्मिथकडूनच करून घ्या.

ट्रिगरच्या वजनाचं, म्हणजे तो ओढायला लागणाऱ्या जोराचं म्हणाल तर ५० मीटर रायफलला आयएसएसएफची (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाची) किमान मर्यादा नाही. पण म्हणून फार हलका ठेवू नका, नवख्याच्या हातात तर नकोच. बसवल्यावर रायफल रिकामी असल्याची खात्री करून कॉक करा, बोल्ट जोरात बंद करा, बटाला (दस्त्याच्या मागच्या टोकाला) रबरी हातोडीने ठोका. ट्रिगर आपोआप सुटला तर परत गनस्मिथकडे.