हिमिको करायचीय? आधी करवत घे

तू विचारलंस, हिमिकोचं छोटं मॉडेल कसं बनवायचं. पहिलंच कस्टम मॉडेल आणि थेट जपानच्या मित्सुओका कंपनीची जुन्या धाटणीची गाडी, हिमिको! हौस दांडगी आहे तुझी. नव्या पिढीची हिमिको म्हणजे आतून माझदाची एमएक्स-5च. दारं, केबिन सगळं तिचंच. त्यामुळे तामिया कंपनीचं एमएक्स-5चं 1:24 मापाचं, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढं, किट घे आणि कामाला लाग.

खरा खेळ लांबीचा. एमएक्स-5चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 2310 मिमी, हिमिकोचा 3010. वाढलेले 700 मिमी मॉडेलवर होतात साधारण 29.2 मिमी, आणि ते सगळे दार आणि पुढच्या चाकाच्या मध्ये. काप तिथेच घे, मागच्या भागाला हात लावू नकोस. चेसिस जोडताना खालून दोन पितळी चौकोनी नळ्या टाक. मी पहिल्या खेपेला नुसत्या स्टायरीन प्लास्टिकच्या पट्ट्यांवर भागवलं होतं. प्रायमर मारेपर्यंत गाडी वाकून तिचं केळं झालं.

फुगीर मडगार्डं इपॉक्सी पुटीची. डावं आधी पूर्ण कर, त्यावरून पुठ्ठ्याचे तीन साचे काप आणि उलटे करून उजव्यावर लावून बघ. नजरेच्या अंदाजावर जाशील तर गाडी तिरळी दिसेल. पुटी रात्रभर सुकू दे. मग 400 आणि 800चा पॉलिश पेपर, पाणी लावून.

पावसाळ्यात लॅकर मारू नकोस. दमट हवेत रंगावर पांढरट साय धरते. ग्रिलच्या क्रोम रंगाखाली मात्र चकचकीत काळा रंग हवाच, आणि तो पूर्ण वाळलेला.