चढावर गिअर पुरत नाही, काय बदलू?

प्रश्न: माझ्या रोड बाइकला पुढे 50/34 आणि मागे 11-28 दातांच्या चकत्या आहेत, चढ लागला की शेवटच्या गिअरवरही उभं राहून पेडल मारावं लागतं, गुडघे पार कुरकुरतात. पुढचं बदलू की मागचं?

उत्तर: आधी मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच बदला, 11-34 टाका. आत्ता सगळ्यात हलक्या गिअरला पुढचे 34 दात भागिले मागचे 28 म्हणजे 1.21, पेडलच्या एका फेरीत चाक सव्वा फेरीच्या जवळ जातं, 34-34 केलंत की बरोब्बर एकच फेरी, म्हणजे जवळपास 18 टक्के हलकं. फक्त मागच्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) 34 दात झेपतात का ते आधी बघा, नाहीतर त्याची वरची पुली कॅसेटला घासत बसते, आणि चेनही बहुतेक लांब लागेल. सपाटीवर गिअरमधली उडी थोडी जाणवेल, चालतंय की!