व्याप्ती शिकताना आधी दिशा पक्की करा

न्यायशास्त्र, म्हणजे भारतीय तर्कशास्त्र, नव्याने शिकत असाल तर व्याख्या घोकण्याआधी व्याप्ती ('हे जिथे, तिथे ते असतंच' हा नियम) कुठून कुठे जाते, ते दर वेळी स्वतःच्या शब्दांत मांडून पाहा. 'जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी.' इथे धूर व्याप्य (ज्याच्यासोबत दुसरं असतंच ते), अग्नी व्यापक (ते दुसरं). उलट वाचलंत की नियम कोसळतो, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. उदाहरण जुन्या नैयायिकांचंच आहे आणि माझ्या मते याहून नेमकं मिळणं कठीण.

मग अग्नीवरून धुराचं अनुमान चुकतं ते नेमकं कशामुळे? तिथे 'उपाधी', म्हणजे दडलेली जादा अट, आहे: ओल्या सरपणाशी संयोग. धूर असेल तिथे तो असतोच, पण अग्नी असेल तिथे असेलच असं नाही. म्हणजे उपाधी साध्याला (जे सिद्ध करायचं ते, इथे धूर) व्यापते, हेतूला (ज्यावरून सिद्ध करायचं ते, इथे अग्नी) व्यापत नाही. या एका वाक्यावर हवा तेवढा वेळ घालवा. हेतू आणि साध्य इथे अदलाबदल झालेत, हे ध्यानात ठेवा. नवे विद्यार्थी हमखास इथेच अडतात.

सुरुवातीला अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह' पुरे.

आधुनिक तर्कशास्त्रातली सत्यताकोष्टकं आधी शिकला असाल, तर व्याप्तीला तिथलं 'जर-तर' समजू नका. तिथे पूर्वांग ('जर'चा भाग) असत्य असलं की ते 'जर-तर' विधान आपोआप सत्य ठरतं. व्याप्तीला हेतू-साध्याचं नियत साहचर्य लागतं. दोन गोष्टी शंभरदा सोबत दिसल्या तरी घाई नको. आधी व्यभिचाराचं, म्हणजे हेतू आहे पण साध्य नाही असं, उदाहरण कसून शोधा, एक सापडलं तरी व्याप्ती मोडली.