वाऱ्याचा आकडा सोपा आहे, पुढचं अवघड

प्रिय मुली,

तुझा मेल वाचला. फ्लोरिडा कीजमधल्या (अमेरिकेच्या दक्षिण टोकाची बेटांची रांग) वीज कोऑपरेटिव्हसाठी, म्हणजे ग्राहकांच्याच मालकीच्या वीज संस्थेसाठी, वादळात टिकणारी इमारत करायच्या टीममध्ये तुला घेतलंय, भारीच झालं! तू विचारलंस वारा किती धरू. ते आधी उरकून टाकतो. आकडा कोडमध्ये, म्हणजे बांधकामाच्या नियमांत, दिलेला असतो, तो घ्यायचा. फक्त वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो हे डोक्यात ठेव, म्हणजे ताशी 100 मैलाचा वारा 150 झाला की दाब दीडपट नाही, सव्वादोनपट होतो. आणि भिंतींची काळजी सगळेच करतात, तू ट्रकच्या मोठ्या शटरची कर. शटर आत गेलं की वारा आत शिरून छपराला खालून ढकलतो, वरून ओढ असतेच, मग ते राहतंय कशाला. 1992 ला अँड्र्यू वादळात मायामीच्या दक्षिणेला गॅरेजच्या दारांमुळे किती घरांची छपरं गेली, त्यानंतर तिथले नियम कडक झाले. आता दाराखिडक्यांच्या टेस्टमध्ये 9 पौंडाचा लाकडी बार ताशी 34 मैल वेगाने मारून बघतात. व्हेंडर सर्टिफिकेट दाखवेल तेव्हा टेस्ट कुठल्या साईजच्या दारावर झाली होती ते विचार, कारण तुझं दार बहुतेक त्याहून मोठं असणार, आणि तिथे ते सर्टिफिकेट नुसता कागद.

पाण्याचं जास्त गंभीर आहे. ही बेटं इतकी सपाट आहेत की उंचात उंच जागा साधारण 18 फूट. 2 सप्टेंबर 1935 च्या लेबर डे वादळात केंद्रातला हवेचा दाब 892 मिलिबारपर्यंत उतरला होता, लोकांना सोडवायला मेनलँडवरून (मुख्य भूमीवरून) ट्रेन पाठवली तर कीजमधल्याच इस्लामोराडाला समुद्राने डबे रुळांवरून उचलून फेकले, उभं राहिलं ते एकटं इंजिन. चारशेच्या वर माणसं गेली. तो रेल्वेमार्ग परत बांधलाच नाही, त्याच पुलांवरून रस्ता काढला, 1938 ला तो सुरू झाला. 1940 मध्ये ही कोऑपरेटिव्ह आली, म्हणजे ती उभीच राहिली त्या आठवणीवर. त्यामुळे जनरेटर, स्विचगिअर (विजेचे मोठे स्विच), बॅटऱ्या, कंट्रोल रूम सगळं वर घे. 2012 ला सँडी वादळाच्या पाण्याने न्यूयॉर्कसारख्या शहरातलं सबस्टेशन उडालं, मग इथे तर समुद्र दोन्ही बाजूंना आहे. बकेट ट्रक (माणसाला पाळण्यातून खांबापर्यंत उचलणारे) मात्र वरच्या मजल्यावर नेता येत नाहीत, त्यांच्यासाठी भराव घालून प्लिंथ उचलावी लागेल आणि रॅम्प द्यावा लागेल, खर्च वाढतो म्हणून लोक इथेच कात्री लावायला बघतात. लावू देऊ नकोस.

आता माझं खरं म्हणणं. नकाशा उघड आणि बघ की या बेटांवर काय काय कुठून येतं. सगळ्या बेटांना जोडणारा एकच हायवे, त्याच्याच बाजूने मोठी ट्रान्समिशन लाईन, काही ठिकाणी तिचे खांब चक्क समुद्रात उभे, आणि प्यायचं पाणीसुद्धा मेनलँडवरून पाईपने. म्हणजे एक पूल गेला की सगळंच अडलं. 2022 ला इयन वादळात पश्चिम किनाऱ्यावर सॅनिबेल बेटाचा कॉजवे (समुद्रातून बेटाकडे जाणारा रस्ता) तुटला, तिथली वीजही कोऑपरेटिव्हच बघते, रस्ता नाही तर खांब न्यायचे कसे हा प्रश्न होता. म्हणून तुझी इमारत उभी राहिली की नाही याला मी अर्धेच मार्क देईन. बाकीचे अर्धे, वारा उतरल्यावर लाईनमन किती वेळात बाहेर पडला याला. साधारण ताशी 35-40 मैलाच्या वर वारा असेल तर बकेट वर जात नाही, म्हणजे ही माणसं रात्रभर आतच थांबणार, झोपणार, खाणार, आणि पुढे बाहेरून मदतीला आलेल्या टीम्सही तिथेच राहतील. संडास-बाथरूम किती? स्वतःची पाण्याची टाकी किती दिवसांची? डिझेल किती? ओले बूट कुठे वाळवायचे? (हसू नकोस, तिसऱ्या दिवशी पाय कुजतात.) इन्सुलेटर, क्रॉसआर्म (खांबावरचा आडवा दांडा), ट्रान्सफॉर्मर स्टोअरमध्ये कुठल्या क्रमाने लागतात? ड्रॉइंगला हात लावायच्या आधी स्टोअरकीपरजवळ एक अख्खा दिवस बस, त्याला माहिती असतं की घाईत लागणारी वस्तू नेहमी मागच्या रॅकवर असते.

आणि त्यांची घरं विसरू नकोस. कीजमध्ये राहणं इतकं महाग की बरेच कामगार मेनलँडवरून ये-जा करतात, वादळात त्यांच्या बायकापोरांचं काय, हे ठरलं नसेल तर माणूस येईल पण त्याचं लक्ष घरी.

आपल्याकडे निसर्ग वादळ 3 जून 2020 ला श्रीवर्धनजवळ आलं तेव्हा रायगडातल्या कितीतरी गावांत बरेच दिवस अंधार होता. गडी होते, खांब मिळायला आणि पोचवायला वेळ गेला.

पैशाचं पण बोलायला हवं. वीज कोऑपरेटिव्ह म्हटलं की मला मुळा-प्रवरा आठवते, श्रीरामपूरकडची, थकबाकीच्या भानगडी होऊन 2011 ला तिचा एरिया महावितरणकडे गेला. तुझ्या तिकडच्या, अमेरिकेतल्या कोऑपरेटिव्हमध्ये ग्राहकच मालक असतो, बोर्ड तोच निवडतो, उरलेला पैसा कॅपिटल क्रेडिट म्हणून त्याच्या नावावर राहतो. म्हणजे तुझ्या प्रत्येक जादा फुटाचा हिशोब मिटिंगमध्ये कुणीतरी मासेमारी करणारा आजोबा विचारणार, आणि त्याला मॉडेलचे ग्राफ नकोत. त्याला सांग की हे पैसे दिलेत तर तुझा फ्रीज इतके दिवस आधी चालू होईल. तेवढं सांगता येत नसेल तर तो खर्च काढून टाक.

शटरच्या टेस्टचे कागद आले की मला पाठव, बाकीचं फोनवर बोलू. आणि स्टोअरकीपरसाठी काहीतरी खायला घेऊन जा, रिकाम्या हाताने नको.

काका