पहिल्या कार्ड शोला जाताना

जुनी बेसबॉल कार्डं घ्यायला पहिल्यांदाच शोला जाताय? मग टॉप्स कंपनीचं १९५२ चं कार्ड, प्रसिद्ध बेसबॉलपटू मिकी मँटलचं, डोक्यातून काढून टाका. तो लाखो डॉलरचा खेळ आहे. साठ-सत्तरच्या दशकातल्या साध्या खेळाडूंची कार्डं घ्या. ती दोन-पाच डॉलरला मिळतात आणि त्यांवरच नजर तयार होते.

खिशात भिंग आणि छोटी पट्टी हवीच. १९५७ पासून टॉप्सचं नेहमीचं कार्ड अडीच बाय साडेतीन इंचांचं आहे. त्याआधीची पाच वर्षं ते थोडं मोठं होतं. कोपरे फारच टोकदार दिसले की आधी मोजा, झिजलेली कड कोणी कापून टाकलेली असू शकते. मी सुरुवातीला १९६३ चं एक कार्ड असंच भुलून घेतलं. घरी मोजलं तर एक बाजू कातरलेली! त्या दिवशी फार वाईट वाटलं.

भिंगातून नाव बघा. फोटोत रंगांचे ठिपके असतातच, पण जुन्या कार्डावरची काळी अक्षरं सलग असतात. अक्षरंही ठिपक्यांची दिसली तर बहुधा स्कॅन करून छापलेली नक्कल आहे.

१९७१ च्या संचाची किनार काळी आहे, त्यामुळे जरा घासलं की पांढरं उठून दिसतं. काहीजण तिथे मार्कर फिरवतात. कार्ड आडवं धरून कड बघा, शाई आत उतरलेली दिसते. पांढरे टवके असलेलं कार्ड खुशाल घ्या, मला तरी तेच आवडतं.

रोख न्या. शो संपायच्या तासभर आधी दोन-तीन कार्डं एकत्र करून भाव विचारा, विक्रेत्यालाही ती परत बांधून न्यायची नसतात.